तेल, मंदी आणि चाकांवरची घरं

आमची शाळा कोकणातली, उर्दू माध्यमाची. मी तिथे मराठी शिकवतो, पण इतिहासाचे सर रजेवर असले की त्यांचा तास माझ्या वाट्याला येतो. असाच एकदा नववीच्या वर्गात १९७३ च्या तेलसंकटाबद्दल बोलत होतो. अरब देशांनी तेल रोखलं, भाव चौपट झाला, पाश्चात्त्य देशांत हाहाकार उडाला, असं सांगत असताना मागच्या बाकावरून एका मुलानं विचारलं, "सर, मग तेल महागलं ते आपल्यासाठी चांगलंच झालं ना? माझे आजोबा त्यानंतरच कुवेतला गेले."

वर्ग हसला. मला हसू आलं नाही. त्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे वडील, चुलते किंवा भाऊ आखातात आहेत. माझे अब्बाही १९७७ साली कुवेतला गेले होते. आमच्या मोहल्ल्यात त्या दशकात जन्मलेल्या दोघांची नावं फैसल आहेत, ती सौदीच्या राजावरूनच ठेवलेली. मुलाचा प्रश्न साधा होता, पण त्याचं उत्तर मला येत नव्हतं. तास संपला आणि मी "उद्या बोलू" म्हणून निघालो.

त्या रात्री एक गोष्ट शोधायला बसलो. तेल महागलं तेव्हा आमच्या घरी पैसे यायला लागले, तर त्याच वेळी कोणाच्या घरी यायचे थांबले? शोधता शोधता अशा एका धंद्यापाशी पोचलो, ज्याचा मी आयुष्यात कधी विचारही केला नव्हता. तो धंदा मोटारहोमचा.

मोटारहोम म्हणजे चाकांवरचं घर. बसएवढी गाडी, आत पलंग, शेगडी, फ्रीज, न्हाणीघर, संडास. मोटारीमागे ओढायचं घर असेल तर तो ट्रेलर. या सगळ्यांना मिळून अमेरिकेत आर.व्ही. म्हणतात. ही घरं जिथे बनतात ते गाव म्हणजे इंडियाना राज्यातलं एल्कहार्ट. अमेरिकेतल्या दर दहा आर.व्हीं.पैकी आठ तरी या गावात आणि त्याच्या आसपास तयार होतात. कोणी गाडीची चौकट बनवतं, कोणी खिडक्या, कोणी गाद्या, कोणी आतली कपाटं. गावाचं पोट एकाच धंद्यावर. आपल्याकडे मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी म्हटलं की जसा माग डोळ्यांपुढे येतो, तसं.

आता या धंद्याची गंमत पाहा. मोटारहोम ही कोणाची गरज नसते. घर आहे, गाडी आहे, मुलांची शिक्षणं झाली आहेत, हाताशी थोडे पैसे आहेत, मग माणूस ती घेतो. त्यामुळे मनात धाकधूक सुरू झाली की पहिली खरेदी पुढे ढकलली जाते ती हिची. शिवाय मोठी मोटारहोम एका लिटरला तीन-चार किलोमीटरच जाते, आणि बहुतेक लोक ती कर्जावर घेतात. म्हणजे तेलाचा भाव, व्याजाचा दर आणि घराची किंमत या तीन दोऱ्यांवर हा धंदा लटकलेला. एक दोरी तुटली तरी तो हेलकावतो.

तरीही या धंद्याचा जन्म सुबत्तेत झालेला नाही. १९२९ नंतरच्या महामंदीत अमेरिकेत घरांसकट फिरणारी माणसं वाढली. कोणी हौसेनं फिरत होतं, कोणी कामाच्या शोधात. १९३० च्या दशकात ट्रेलर बनवणारे शेकडो छोटे कारखानदार उभे राहिले आणि त्यातले बहुतेक बुडाले. वॉली बायम नावाच्या माणसानं काढलेली चकचकीत ॲल्युमिनियमच्या ट्रेलरची 'एअरस्ट्रीम' ही टिकलेल्या थोड्यांपैकी एक. दुसरं उदाहरण आयोवा राज्यातल्या फॉरेस्ट सिटीचं. १९५८ च्या सुमाराला शेतीचं उत्पन्न ढासळलं, तरुण गाव सोडून जाऊ लागले. तेव्हा जॉन हॅन्सन या स्थानिक दुकानदारानं इतर गावकऱ्यांच्या मदतीनं कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीला गावात ट्रेलरचा कारखाना काढायला लावला. हॅन्सन फर्निचर विकत आणि मयतीची व्यवस्थाही पाहत. तो कारखाना अडचणीत आला तेव्हा त्यांनीच तो हातात घेतला. तीच पुढे 'विनेबागो' झाली. १९६६ मध्ये तिची पहिली मोटारहोम बाहेर पडली. इतरांपेक्षा बरीच स्वस्त, म्हणून मध्यमवर्गानं ती उचलून धरली. १९७० मध्ये कंपनी न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात गेली आणि काही काळ तिच्या शेअरनं असा उड्डाणाचा वेग घेतला की त्या छोट्या गावात लक्षाधीश तयार झाले.

मग ऑक्टोबर १९७३ आला. इस्रायलविरुद्धच्या युद्धात अमेरिकेनं इस्रायलला शस्त्रं पुरवली, आणि राजे फैसल यांच्यासह अरब देशांनी अमेरिकेचं तेल बंद केलं. बंदी मार्च १९७४ पर्यंत चालली. पिंपाचा भाव तीन डॉलरच्या आसपास होता, तो बाराच्या जवळ गेला. अध्यक्ष निक्सन यांनी पेट्रोलपंप रविवारी बंद ठेवण्याचं आवाहन केलं, महामार्गावरची वेगमर्यादा ताशी ५५ मैलांवर आणली. सुट्टीच्या दिवशी पंपच बंद, तर मोटारहोम घेऊन जाणार कुठे? १९७२ च्या मानानं १९७४ मध्ये आर.व्हीं.ची कारखान्यातून होणारी रवानगी जवळपास निम्म्यावर आली. जनरल मोटर्ससारख्या बलाढ्य कंपनीनं नेमकी १९७३ मध्येच आपली देखणी जीएमसी मोटारहोम बाजारात आणली होती. तेरा हजारांच्या आतच गाड्या बनवून १९७८ मध्ये तिनं हा नाद सोडला.

त्याच महिन्यांत आखातात पैशांचा पूर आला. रस्ते, बंदरं, इमारती, दवाखाने बांधायला माणसं हवी होती. रत्नागिरी-रायगडच्या आमच्या मुसलमान वस्त्यांतून जहाजावर जाण्याची रीत जुनीच होती. आता लोक विमानानं आखातात जाऊ लागले. अम्मीच्या नावानं बँकेचा ड्राफ्ट यायचा तो दिवस मला लहानपणापासून आठवतो. त्या ड्राफ्टच्या दुसऱ्या टोकाला एल्कहार्टमधला कोणी सुतार कामावरून घरी बसला असेल, हे कळायला मला पंचेचाळिशी गाठावी लागली.

दुसरा तडाखा १९७९ चा. इराणमध्ये क्रांती झाली, तेल पुन्हा भडकलं, आणि महागाई रोखण्यासाठी अमेरिकेत व्याजाचे दर २० टक्क्यांपर्यंत चढले. या वेळी दोन दोऱ्या एकदम तुटल्या. १९८० मध्ये सगळ्या अमेरिकेत मिळून जेमतेम एक लाख सात हजार आर.व्ही. रवाना झाल्या. निवृत्त झालेले हॅन्सन विनेबागो वाचवायला परत आले आणि त्यांनी मोठी कामगारकपात केली.

पण याच वर्षी एक वेगळी गोष्ट घडली. एअरस्ट्रीम तेव्हा बिॲट्रिस फूड्स या खाद्यपदार्थांच्या कंपनीच्या मालकीची होती आणि तोट्यात होती. वेड थॉम्पसन आणि पीटर ऑर्थवाइन या दोन भागीदारांनी ऐन मंदीत ती विकत घेतली. आपल्या नावांची पहिली अक्षरं जोडून त्यांनी कंपनीचं नाव 'थॉर' ठेवलं. वायफळ खर्च कापला, गाडीचा दर्जा सुधारला आणि वर्षभरात एअरस्ट्रीम नफ्यात आणली. पुढे हीच थॉर इतरांना विकत घेत घेत जगातली सर्वांत मोठी आर.व्ही. कंपनी झाली. मंदी सगळ्यांना सारखी मारत नाही. ज्याच्या डोक्यावर कर्ज असतं त्याचं दुकान ती विकायला काढते, आणि ज्याच्या गाठीला रोकड असते तो ते घेतो.

आता १९९०. हे वर्ष मला पुस्तकातून शोधावं लागलं नाही. २ ऑगस्टला सद्दाम हुसेनचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं. मी तेव्हा अकरा वर्षांचा. गावातलं आमचं नवं घर खिडक्यांच्या वरपर्यंत आलेलं, स्लॅब पडायचा होता. कित्येक आठवडे अब्बांची काही खबर नव्हती. शेवटी ते जॉर्डनमधल्या अम्मानहून एअर इंडियाच्या विमानानं मुंबईला उतरले, हातात एक बॅग. कुवेतहून अशा तऱ्हेनं सुमारे एक लाख सत्तर हजार भारतीय परत आणले गेले. त्या पावसाळ्यात आमच्या अर्ध्या भिंतींवर शेवाळ धरलं.

आणि एल्कहार्ट? युद्धाच्या भीतीनं दोन-तीन महिन्यांत तेलाचा भाव दुप्पट झाला. अमेरिका त्याच वर्षी मंदीत शिरली होती. १९९१ मध्ये आर.व्हीं.ची रवानगी पुन्हा एक लाख त्रेसष्ट हजारांच्या आसपास खाली आली. म्हणजे १९७३ मध्ये आम्ही तराजूच्या वरच्या पारड्यात होतो आणि ते खालच्या. १९९० मध्ये दोन्ही पारडी एकदम खाली गेली. काही वर्षांनी अब्बांना संयुक्त राष्ट्रांच्या योजनेतून नुकसानभरपाई मिळाली, तेव्हा आमचा स्लॅब पडला. ती भरपाई इराकच्या तेलविक्रीच्या पैशातून दिली जात होती. आमच्या घराच्या भिंती तेलाच्या, छतही तेलाचंच.

पुढचा मोठा आघात मात्र तेलानं केला नाही. २००६ मध्ये सुमारे तीन लाख नव्वद हजार आर.व्ही. रवाना झाल्या होत्या. २००९ मध्ये तो आकडा एक लाख सहासष्ट हजारांच्या आसपास आला. २००८ च्या जुलैमध्ये तेलानं पिंपाला १४७ डॉलरचा उच्चांक गाठला होता हे खरं. पण वर्ष संपेपर्यंत ते कोसळलंही होतं. धंदा तरीही उठला नाही, कारण या वेळी कर्जाचीच दोरी तुटली होती.

ते कसं, हे समजून घेण्यासारखं आहे. मोटारहोमचा विक्रेता आपल्या अंगणात गाड्या उभ्या करतो त्या स्वतःच्या पैशानं नव्हे. वित्तसंस्था कारखान्याला पैसे चुकते करते, विक्रेता तिला व्याज देत राहतो आणि गाडी विकली की मुद्दल फेडतो. विक्रेता बुडालाच, तर न विकलेल्या गाड्या परत घेण्याची हमी कारखान्यानं वित्तसंस्थेला दिलेली असते. चांगल्या दिवसांत ही साखळी कोणाला दिसतही नाही. २००८ मध्ये वित्तसंस्थांनी हात आखडले आणि विक्रेत्यांनी नव्या गाड्या मागवणं थांबवलं. काही विक्रेते बुडाले, त्यांच्या गाड्या कारखान्यांच्या गळ्यात पडल्या. गिऱ्हाइकांचंही तेच. अनेक अमेरिकन आपल्या घरावर कर्ज काढून मोटारहोम घेत होते. घरांचे भाव पडले तसा तो झरा आटला.

एकामागून एक मोठी नावं कोसळली. मोनॅको कोच कंपनीनं २००८ च्या जुलैमध्ये एल्कहार्ट परिसरातले कारखाने बंद करण्याचं जाहीर केलं, सुमारे १,४०० माणसं घरी गेली. वर्षअखेरीस कोचमेननं आपला आर.व्ही.चा धंदा फॉरेस्ट रिव्हरला विकला. फॉरेस्ट रिव्हर २००५ पासून वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेच्या मालकीची, म्हणजे तिच्या पाठीशी रोकड होती. मार्च २००९ मध्ये १९५० पासूनची फ्लीटवूड आणि तिच्यासोबत मोनॅको, दोघींनी दिवाळखोरीचा अर्ज केला. थॉरवर कर्ज नव्हतं. तिची विक्री घटली, पण ती उभी राहिली, आणि २०१० मध्ये तिनं हार्टलँड ही आणखी एक कंपनी घेतली. १९८० चाच धडा, फक्त आकडे मोठे.

एल्कहार्टमध्ये बेकारी वर्षभरात ४.७ टक्क्यांवरून १५ टक्क्यांच्या वर गेली. ९ फेब्रुवारी २००९ ला नवे अध्यक्ष बराक ओबामा तिथल्या हायस्कुलात गेले आणि म्हणाले की देशात सर्वांत वेगानं रोजगार गेले ते इथे. त्या वसंतात बेकारी २० टक्क्यांच्या आसपास पोचली. बेकारांमध्ये आमिश पंथाचे लोकही होते. हे लोक स्वतः मोटार बाळगत नाहीत, घोडागाडीनं फिरतात, पण त्यांच्या सुतारकामावर मोटारहोमचे कारखाने चालतात. सरकारी मदत घेणं त्यांच्या रीतीत बसत नाही. शेती, गोठा, लाकूडकाम आणि जमातीची एकमेकांना साथ, यावर अनेकांनी दिवस काढले. त्याच महिन्यांत दुबईतली बांधकामं थांबली आणि माझे दोन मावसभाऊ परत आले. त्यांनीही हेच केलं. एकानं आंब्याची बाग पाहिली, दुसऱ्यानं भावाच्या दुकानात बसून तराजू धरला.

कारखानदार आणि कामगार झाले, गिऱ्हाइकांचं काय? मला त्यांचे तीन प्रकार दिसले.

पहिला, ज्यानं तेजीत कर्जावर घेतली. मोटारहोमचं कर्ज दहा, पंधरा, कधी वीस वर्षांचं. गाडी दुकानातून बाहेर पडताच तिची किंमत झपाट्यानं उतरते, कर्ज मात्र सावकाश. नोकरी गेली आणि गाडी विकायला काढली तर येणारी रक्कम बाकी कर्जापेक्षा कमी. अशा माणसाला ठेवणंही परवडत नाही आणि विकणंही. व्याजाबद्दल आपल्याकडे हलाल-हरामची चर्चा होते, ती आपल्या जागी. निव्वळ हिशेबानं पाहिलं तरी, झिजणाऱ्या वस्तूवर लांब मुदतीचं व्याज हा तोट्याचाच सौदा आहे.

दुसरा प्रकार संधी साधणाऱ्याचा. ज्याच्याकडे रोकड होती त्याला २००९ मध्ये उत्तम गाड्या पडत्या भावात मिळाल्या. त्यातही काही फसले. बुडालेल्या कंपन्यांची नावं आणि कारखाने नव्या मालकांनी घेतले, जुन्या गाड्यांच्या वॉरंटीचं ओझं बहुतेकांनी घेतलं नाही. गाडी स्वस्त पडली, दुरुस्ती महाग.

तिसरा प्रकार मनाला लागतो. घर गेलं, निवृत्तीची पुंजी शेअरबाजारात विरली, आणि जुनी मोटारहोम हेच घर झालं. साठी-सत्तरीची माणसं तिच्यात राहून हंगामी कामाच्या मागे देशभर फिरू लागली. कुठे बीटची काढणी, कुठे सणासुदीला ॲमेझॉनच्या गोदामात रात्रपाळी. जेसिका ब्रुडर यांनी 'नोमॅडलँड' या पुस्तकात अशा लोकांबद्दल लिहिलं, त्यावरच्या चित्रपटाला ऑस्कर मिळालं. हौसेची वस्तू मंदीत आसऱ्याची होते, १९३० च्या दशकात झाली होती तशीच. ज्या गाडीतून माणूस निवृत्तीनंतर देश पाहणार होता, त्याच गाडीतून तो काम शोधत फिरतो.

एल्कहार्टनं एका धंद्यावरचं अवलंबन सोडायचा प्रयत्न केला का? केला. विजेच्या गाड्यांची स्वप्नं आली. थिंक या नॉर्वेच्या कंपनीनं तिथे कारखाना जाहीर केला, आणि २०११ मध्ये ती कंपनीच दिवाळखोरीत गेली. गाव शेवटी मोटारहोमवरच पुन्हा उभं राहिलं. २०१६ मध्ये ओबामा परत आले तेव्हा बेकारी चार टक्क्यांच्या आसपास होती. २०१७ मध्ये पाच लाखांवर आर.व्ही. रवाना झाल्या. करोनात विमानं आणि हॉटेलं नकोशी झाली तेव्हा मागणी इतकी उसळली की २०२१ मध्ये आकडा सहा लाखांवर गेला. मग व्याज वाढलं आणि २०२३ मध्ये तो सुमारे तीन लाख तेरा हजारांवर आला. या धंद्याला लोक मंदीचा आगाऊ इशारा मानतात, आणि १९७३, १९७९, २००७ च्या आधी तो इशारा खरा ठरला. २०२३ मध्ये मात्र आर.व्ही. निम्म्यावर आल्या तरी अमेरिकेत मंदी आली नाही.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात हे जमेल तसं सांगितलं. त्या मुलाला म्हटलं, "तेल महागलं म्हणून तुझे आजोबा गेले हे खरं. त्याच भावानं तिकडे कोणाच्या तरी वडिलांचं काम गेलं, हेही खरं."

तो थोडा थांबून म्हणाला, "सर, माझे अब्बू २०१६ मध्ये सौदीहून परत आले होते. सहा महिन्यांचा पगार राहिला. अम्मी म्हणते तेव्हा तेल स्वस्त झालं होतं."

बरोबर होतं त्याचं. तेल घसरलं, सौदीतली बांधकामं रखडली, हजारो भारतीय कामगार पगाराविना अडकले. आणि तेच वर्ष एल्कहार्टच्या भरभराटीचं. पारडं पुन्हा उलटलं होतं.

एल्कहार्ट एका धंद्याचं गाव आहे, तसा आमचा मोहल्लाही. दहावीच्या निकालाआधी इथे पासपोर्ट तयार असतो. एजंटाला द्यायला कर्ज काढलं जातं, आणि पहिल्या पगाराआधी घराचा पाया खणला जातो. त्या गावाला पन्नास वर्षांत चार-पाच तडाखे बसूनही दुसरा धंदा उभा करता आला नाही, म्हणून आमच्या मुलांना "आखाताचा नाद सोडा" असं सांगायची माझी हिंमत होत नाही. इथे त्यांच्यासाठी काय ठेवलं आहे, हा प्रश्न ते मला विचारतील.

तास संपताना त्यानं तो वेगळ्या शब्दांत विचारलाच. "सर, मग मी जाऊ की नको?"

"जा," मी म्हणालो. "पण कर्ज काढून जाऊ नकोस. हाताला असं काम शिकून जा, जे परत आल्यावर इथेही चालेल. आणि दोन वर्षांचा पगार बाजूला पडेपर्यंत स्लॅबचं नाव काढू नकोस."

आमच्या घराच्या भिंतीवर १९९० च्या पावसाची ती रेघ अजून आहे. रंग कितीदा दिला तरी दोन पावसाळ्यांत ती वर येते. पुढच्या आठवड्यात वर्गाला घरी बोलावून ती दाखवायची असं ठरवलं आहे.